पाठाचे टाचण : पस्तीस मिनिटांचा आराखडा

शाळेची एक घंटा होते आणि दुसरी होते. या दोन घंटांमधील पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका हा शिक्षणव्यवस्थेचा सर्वांत लहान, परंतु सर्वांत मोलाचा घटक होय. शैक्षणिक धोरणे, अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, शिक्षकांची प्रशिक्षणे या सर्वांचे फलित अखेर या अल्प अवधीत वर्गात काय घडते यावर अवलंबून असते. हा अवधी कसा वापरावयाचा याचा विचार वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी करून ठेवणे, यालाच पाठनियोजन म्हणतात. त्या विचाराची लेखी नोंद म्हणजे पाठाचे टाचण.

टाचण हा शब्द प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. अध्यापक विद्यालयात असताना त्याने अनेक टाचणे काढलेली असतात आणि नोकरीत आल्यावरही टाचणवही त्याच्या टेबलावर असते. तथापि, अनेक ठिकाणी ही वही केवळ तपासणीच्या दिवसासाठी भरली जाते. मागील वर्षीच्या वहीवरून चालू वर्षीची वही उतरविली जाते, आणि वर्गात प्रत्यक्ष जे घडते त्याचा वहीतील मजकुराशी फारसा संबंध उरत नाही. या रूढीमुळे शिक्षकाचे श्रम वाया जातातच. पण खरे नुकसान होते ते मुलाचे. ज्या ठिकाणी त्याचा पाय अडखळणार, त्या ठिकाणाचा विचार कोणीही अगोदर केलेला नसतो.

वेळेचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाकाठी किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापनाचे तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास ठरवून दिलेले आहेत. गणितासाठी रोज पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली, तर प्राथमिक वर्गाच्या वाट्याला वर्षात गणिताच्या २०० तासिका येतात. साहित्य शोधण्यात, फळा पुसण्यात, ‘आज काय घ्यावयाचे’ हे ठरविण्यात, किंवा मुलांना अगोदरच येत असलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात प्रत्येक तासिकेची दहा मिनिटे गेली, तर वर्षअखेर २,००० मिनिटे गेलेली असतात. ही बेरीज जवळजवळ ५७ तासिकांची होते. एखादा शिक्षक वर्षात ५७ दिवस गणित शिकवीत नाही असे आढळले, तर त्याची सर्वत्र चर्चा होईल. दहा-दहा मिनिटांनी झालेली तेवढीच गळती मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

याच अनुसूचीत आणखी एक तरतूद आहे व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. शिक्षकाने आठवड्यात किमान पंचेचाळीस तास काम करावे असे सांगताना त्यात पूर्वतयारीच्या तासांचाही समावेश करण्यात आला आहे. म्हणजेच पाठाची तयारी हे शिक्षकाचे घरगुती वा ऐच्छिक काम नसून त्याच्या कर्तव्याचा अधिकृत भाग आहे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. निवडणुका, जनगणना व नाना प्रकारची माहिती भरणे या कामांमुळे हा वेळ आक्रसतो, ही शिक्षकांची तक्रार दुर्लक्षिण्यासारखी नाही. वेळ थोडा आहे, म्हणूनच तो टाचणाच्या कोणत्या भागावर खर्च करावा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

टाचणाची परंपरा

पाठाचे पायऱ्यापायऱ्यांनी नियोजन करण्याची पद्धत जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रेडरिख हर्बार्ट (१७७६-१८४१) यांच्या विचारांतून पुढे आली. नवे ज्ञान हे मनात असलेल्या जुन्या ज्ञानाशी जोडले गेले तरच टिकते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्सिलर व राइन या त्यांच्या अनुयायांनी या विचाराला पाच पायऱ्यांचे रूप दिले : पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन. अध्यापक विद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेलेली ‘हर्बार्टची पंचपदी’ ती हीच.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत या विचाराला आणखी एक वळण मिळाले. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाविषयी चार मूलभूत प्रश्न मांडले. कोणती उद्दिष्टे साधावयाची, त्यांसाठी मुलांना कोणते अनुभव द्यावयाचे, त्या अनुभवांची जुळणी कशी करावयाची आणि उद्दिष्टे साधली की नाही हे कसे ओळखावयाचे, हे ते प्रश्न होत. पुढे १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्दिष्टांचे ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन असे वर्गीकरण केले. आपल्या टाचणांतील ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ हा रकाना या विचारातून आलेला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये प्राथमिक स्तरावरील अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. त्यांमागेही हाच धागा आहे : शिकवून झाल्यावर मूल काय करू शकते, ते पाहावे.

या प्रत्येक विचारामागे मुलाविषयीचा जिवंत प्रश्न होता. कालांतराने प्रश्न मागे पडला आणि रकाने तेवढे उरले. टाचण पुन्हा परिणामकारक करावयाचे असेल, तर रकान्यांची संख्या वाढवून भागणार नाही. प्रत्येक रकान्यामागचा मूळ प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे.

उद्दिष्ट कसे लिहावे

‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची माहिती देणे’ असे उद्दिष्ट अनेक टाचणांत आढळते. हे वाक्य शिक्षकाच्या कृतीविषयी आहे. माहिती देऊन झाली की ते सफल झाले असे मानावे लागते, मग मुलांना काही समजलेले असो वा नसो. याउलट, ‘अंश एक असलेले तीन अपूर्णांक दिले असता विद्यार्थी ते चढत्या क्रमाने लिहितो व त्यामागचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगतो’ असे लिहिले, तर तासिका संपताना नेमके काय तपासावयाचे हे आपोआप ठरते. चांगल्या उद्दिष्टाची ही साधी कसोटी आहे. ते वाचल्याबरोबर पाठाच्या शेवटी विचारावयाचा प्रश्न सुचला पाहिजे.

एका तासिकेसाठी एक, फार तर दोन उद्दिष्टे पुरेशी असतात. पाच-सहा उद्दिष्टे लिहिलेले टाचण भरगच्च दिसते, परंतु त्यांतील एकही पुरतेपणी हाती लागत नाही.

पूर्वज्ञान : मूल काय घेऊन येते

पूर्वज्ञान या रकान्यात ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक माहीत आहेत’ एवढे एकच वाक्य लिहून पुढे जाण्याचा प्रघात आहे. वास्तविक हा रकाना संपूर्ण टाचणाचा पाया होय. मूल वर्गात येताना तीन गोष्टी बरोबर आणते : अनुभव, भाषा आणि अर्धवट अथवा चुकीच्या समजुती.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी मुलाचा अनुभव व भाषा दोन्ही समृद्ध आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरी व बाजारात रोज त्याच्या कानांवर पडतात. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांचे पाढे मुखोद्गत करून घेत असत. ते पाढे आता मागे पडले असले, तरी पाव किलो साखर व दीड लिटर दूध हे व्यवहार चालूच आहेत. ‘पाऊण’ म्हणजे एकास पाव उणा, हे एवढे सांगितले तरी ३/४ ही संख्या मुलाला ओळखीची वाटू लागते. त्याचबरोबर ‘पाव’ म्हणताच वडापावातील पाव डोळ्यांपुढे येणारी मुलेही वर्गात असतात, हे शिक्षकाने विसरू नये.

भाषेचा प्रश्न आदिवासी भागात अधिक तीव्र होतो. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी व माडिया, नंदुरबारकडील भिली किंवा पालघरमधील वारली बोलणाऱ्या मुलाला ‘समान भाग’, ‘छेद’, ‘तुलना’ हे शब्द सर्वस्वी परके असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. टाचणाच्या पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. पाठातील चार-पाच कळीचे शब्द अगोदर निवडून ठेवावेत, ‘वाटणी’ व ‘सारखे’ यांना घरी काय म्हणतात हे मुलांनाच विचारावे आणि ते शब्द फळ्यावर मराठी शब्दांशेजारी लिहावेत.

तिसरी गोष्ट चुकीच्या समजुतींची. चार ही संख्या तीनपेक्षा मोठी, हे मुलाने पहिलीपासून पक्के केलेले असते. त्यामुळे १/४ हा १/३ पेक्षा मोठा असला पाहिजे, असा निष्कर्ष ते अगदी सरळपणे काढते. ही चूक आळसातून किंवा मंदपणातून होत नाही. एका ठिकाणी बरोबर ठरलेला नियम मूल दुसऱ्या ठिकाणी लावून पाहते, म्हणजेच ते विचार करीत असते. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असा नियम घोकून घेतल्याने ती समजूत जात नाही, केवळ झाकली जाते. पुढे समच्छेद अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, शेकडेवारी व गुणोत्तर या प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा डोके वर काढते आणि एके दिवशी ते मूल ‘मला गणित येत नाही’ असे स्वतःच ठरवून टाकते. चौथीच्या एका तासिकेत जे राहून जाते, त्याची किंमत अशी पुढे मोजावी लागते.

एक नमुना पाठ

वरील उद्दिष्ट घेऊन पस्तीस मिनिटांच्या तासिकेचे नियोजन कसे करता येईल, ते पाहू.

पहिली चार मिनिटे अनुभवाला जागे करण्यासाठी द्यावीत. एका घरी एक भाकरी तीन भावंडांनी सारखी वाटून घेतली. दुसऱ्या घरी तेवढीच भाकरी चार भावंडांनी सारखी वाटून घेतली. कोणत्या घरच्या मुलाला मोठा तुकडा मिळाला? या प्रश्नाचे उत्तर देण्यास मुलांना अडचण पडत नाही. ‘तेवढीच’ व ‘सारखी’ या दोन शब्दांवर शिक्षकाने मुद्दाम भर द्यावा, कारण सर्व पाठ या दोन शब्दांवर उभा आहे.

पुढील चार मिनिटांत १/३ व १/४ हे फळ्यावर लिहून ‘मोठा कोणता?’ असे विचारावे आणि प्रत्येकाने आपला अंदाज पाटीवर लिहावा. भाकरीचे उत्तर नुकतेच बरोबर देऊनही अनेक मुले येथे १/४ लिहितात, कारण भाकरीचा तुकडा आणि फळ्यावरील अंक यांचा सांधा अद्याप जुळलेला नसतो. शिक्षकाने दोन्ही अंदाजांपुढील मुलांची संख्या फळ्यावर मांडावी. चूक-बरोबर काहीही सांगू नये.

त्यानंतरची बारा मिनिटे कृतीची. भाकरी किंवा वर्तुळ यांचे तीन समान भाग करणे मुलांना कठीण जाते. म्हणून येथे कागदाची पट्टी अधिक सोयीची. जुन्या वर्तमानपत्रांच्या प्रत्येकी चोवीस सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या अगोदर कापून ठेवाव्यात. चोवीस ही संख्या सहेतुक निवडलेली आहे, कारण तिचे दोन, तीन, चार, सहा व आठ असे सर्व भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. अर्धा भाग १२ सेंटिमीटरचा, एक तृतीयांश ८ चा, एक चतुर्थांश ६ चा, एक षष्ठांश ४ चा व एक अष्टमांश ३ चा होतो. चार-चार मुलांच्या गटाने पाच पट्ट्या मोजपट्टीने मोजून आखाव्यात, प्रत्येक पट्टीच्या पहिल्या भागात रंग भरावा, त्यावर अपूर्णांक लिहावा आणि पट्ट्या एकाखाली एक मांडाव्यात.

पुढची सात मिनिटे चर्चेची. पट्ट्यांकडे पाहून काय दिसते, हे मुलांनी आपल्या शब्दांत सांगावे. ‘वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो’ असे काहीसे वाक्य वर्गातूनच येते. ते जसेच्या तसे फळ्यावर लिहावे; पुस्तकी व्याख्या त्यानंतर द्यावी. मग अंदाजांच्या आकड्यांकडे पुन्हा वळावे आणि ज्यांनी १/४ लिहिले होते त्यांना आता काय वाटते, हे विचारावे. आपले मत बदलले आणि ते का बदलले, हे सांगण्याची संधी मिळालेले मूल तो मुद्दा सहसा विसरत नाही.

सहा मिनिटे पडताळणीसाठी राखून ठेवावीत. येथे प्रश्नाची निवड काळजीपूर्वक केली पाहिजे. ‘१/६ व १/८ यांत मोठा कोणता?’ असे विचारले, तर दोहोंपैकी एक निवडावयाचे असल्याने निव्वळ अंदाजानेही निम्मी मुले बरोबर ठरू शकतात. त्याऐवजी १/३, १/८ व १/२ हे चढत्या क्रमाने लिहावयास सांगावे. तीन संख्यांच्या सहा मांडण्या होतात. केवळ नशिबावर बरोबर येण्याचा संभव सहात एक एवढाच राहतो. सोबत एका ओळीचे कारण लिहवून घ्यावे. सर्वांनी पाट्या एकाच वेळी वर धराव्यात, म्हणजे हुशार मुलाचे उत्तर ऐकून वर्गाला समजले असा भ्रम होत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत घरचा अभ्यास सांगावा. घरात पाव, अर्धा व पाऊण हे शब्द दिवसभरात कोठे कोठे ऐकू आले त्यांची यादी करून आणणे, एवढा अभ्यास पुरेसा आहे.

अडखळण्याच्या जागा

वरील टाचणाला एक जोड हवी व ती म्हणजे मुले काय म्हणतील याचा अंदाज. कागदाच्या उजव्या बाजूस एक समास सोडून त्यात अपेक्षित चुका व त्यांवरील आपला पुढचा प्रश्न लिहावा. एखादा मुलगा म्हणेल, की मोठ्या भाकरीचा पाव भाग लहान भाकरीच्या अर्ध्यापेक्षा मोठा असू शकतो. त्याचे म्हणणे खरे आहे. यावरून तुलना करताना मूळ वस्तू सारखी असावी लागते हे वर्गासमोर आणता येते. एखादी मुलगी पट्टीचे भाग असमान पाडील. तिला दोन तुकडे एकमेकांवर ठेवावयास सांगणे पुरे होते. काही मुले ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हा नियम ३/४ व १/२ यांनाही लावतील. चोवीस सेंटिमीटरच्या पट्टीवर ३/४ म्हणजे १८ व १/२ म्हणजे १२ सेंटिमीटर होतात, हे दाखवून आजचा नियम केवळ अंश सारखा असतानाच लागू पडतो, ही त्याची मर्यादा स्पष्ट करता येते. पुढील पाठाचे बीजही त्यातच पडते.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हाही नियोजनाचाच विषय आहे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील संवादांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि ही प्रतीक्षा तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक होतात, असे त्यांना आढळले. महत्त्वाच्या प्रश्नापुढे टाचणात ‘थांबणे’ एवढा शब्द लिहिला, तरी घाईला आळा बसतो.

फळा व साहित्य

फलकलेखनाचा आराखडा टाचणात असावा, हा जुना नियम आजही तितकाच उपयुक्त आहे. जपानमधील शिक्षक या बाबतीत विशेष दक्ष असतात. संपूर्ण पाठ क्रमाने फळ्यावर उमटावा व तासिकेच्या शेवटी मुलांना मागे वळून पाहता यावे, असे नियोजन तेथे केले जाते. त्याला ‘बानशो’ असे म्हणतात. नमुना पाठासाठी फळ्याचे तीन भाग करावेत : डावीकडे प्रश्न व मुलांचे अंदाज, मध्ये पट्ट्यांची आकृती आणि उजवीकडे मुलांनी सांगितलेले निष्कर्ष. अंदाज पुसू नयेत. आपण कोठून निघालो व कोठे पोहोचलो, हे मुलांना दिसले पाहिजे.

साहित्य महागडे असण्याची आवश्यकता नाही. पद्मभूषण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये पुढे नेले. परिसरातील पाने, बिया, शंख, शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. गुरे राखावयास जाणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही, हे पाहून त्यांनी कुरणशाळेच्या रूपाने शाळाच मुलांकडे नेली. मुलाच्या परिस्थितीपासून नियोजनास प्रारंभ करण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

दोन शिक्षकी शाळेतील टाचण

टाचणांचे बहुतेक नमुने एका शिक्षकासमोर एकच इयत्ता आहे, असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक वर्गांत साठपर्यंत पटसंख्या असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात. पहिली ते चौथीच्या शाळेत याचा अर्थ प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता असा होतो. अशा ठिकाणी एका इयत्तेचे टाचण सुंदर असून भागत नाही. शिक्षक चौथीपाशी असताना तिसरीने काय करावयाचे, हे ठरलेले नसेल तर दोन्ही वर्गांचा वेळ जातो.

यासाठी टाचणाचा कागद उभा दुभागावा आणि दोन्ही इयत्तांच्या कामाच्या वेळा समोरासमोर लिहाव्यात. चौथीची मुले बारा मिनिटे पट्ट्या आखीत असताना शिक्षक तिसरीला नवा भाग शिकवू शकतो. चौथीच्या चर्चेच्या सात मिनिटांत तिसरीने त्याचा सराव करावा. शिक्षकाची थेट गरज एका वेळी एकाच इयत्तेला लागेल, अशी कामांची जुळणी करणे हे बहुवर्ग अध्यापनाचे मर्म आहे. पट्टीची पहिली घडामोड तिसरीच्या मुलांनी नुसती पाहिली, तरी पुढील वर्षीच्या पूर्वज्ञानाची ती तयारी ठरते.

पाठानंतरच्या चार ओळी

तासिका संपली म्हणजे टाचण पूर्ण झाले असे नाही. समजा, वर्गात २८ मुले आहेत. त्यांपैकी १७ मुलांनी क्रम बरोबर लिहून कारणही दिले, ६ मुलांनी क्रम बरोबर लिहिला पण कारण दिले नाही आणि ५ मुलांचा क्रम उलटा आला. या तीन आकड्यांची व त्या पाच मुलांच्या नावांची नोंद त्याच पानाच्या पाठीमागे करावी. उद्याच्या पाठाची पहिली पाच मिनिटे कोणासाठी व कशासाठी द्यावयाची, हे या नोंदीवरून ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ ने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून त्याला आवश्यक ते जादा शिक्षण देण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकली आहे. ती जबाबदारी रोजच्या रोज पार पाडण्याचे यापेक्षा सुलभ साधन नाही.

अशी नोंद असलेली वही पुढील वर्षी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. ती उतरवून काढण्याची गरज नसते, सुधारावयाची असते. कोणता प्रश्न फसला, कोणती कृती लांबली, कोणते उदाहरण मुलांना भावले, हे तिच्यातून कळते आणि शिक्षकाचा अनुभव त्याच्याबरोबर निवृत्त न होता शाळेत राहतो.

प्रत्येक तासिकेचे इतके सविस्तर टाचण काढणे दिवसाला सहा-सात तासिका घेणाऱ्या शिक्षकास शक्य होणार नाही, हे उघड आहे. यास्तव रोजच्या पाठासाठी उद्दिष्ट, मुख्य कृती, अपेक्षित चूक व शेवटचा प्रश्न अशा चार ओळी पुरेशा मानाव्यात. सविस्तर टाचण आठवड्यातून एकदा, मुले जेथे हमखास अडखळतात अशा घटकासाठी काढावे. हातच्याची वजाबाकी, शून्य असलेला भागाकार, जोडाक्षरांचे वाचन, नकाशातील दिशा ही अशी काही ठिकाणे आहेत.

पर्यवेक्षणाची दिशा

शिक्षकाने टाचणाकडे कसे पाहावे, हे बव्हंशी ते तपासणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांनी वहीची पाने मोजली, तर पाने भरली जातील. त्यांनी ‘मागील पाठात किती मुले अडखळली व त्यावर काय केले?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाचा विचार सुरू होईल. टाचणात खाडाखोड असणे, नियोजित भाग अपुरा राहणे, चूक मान्य केलेली असणे ही जिवंत अध्यापनाची चिन्हे आहेत. त्यांबद्दल शिक्षकास दोष लागता कामा नये.

केंद्रस्तरावर भरणाऱ्या शिक्षण परिषदांचाही या कामी उपयोग करून घेता येईल. जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ या नावाची पाठ-अभ्यासाची परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, त्यांच्यापैकी एक जण तो घेतो, इतर जण मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सर्व मिळून तो पाठ सुधारतात. चर्चा शिक्षकाच्या गुणदोषांवर न होता पाठावर व मुलांच्या प्रतिसादांवर होते. केंद्रातील दहा-बारा शाळांनी वर्षभरात चार अवघड घटक निवडून एवढे केले, तरी प्रत्येक शाळेच्या हाती चार कसलेले पाठ येतील.

टाचणाचा कागद लहान असतो आणि त्याला लागणारा खर्च नगण्य असतो. मात्र त्यावर शिक्षकाने आदल्या संध्याकाळी लिहिलेला एखादा प्रश्न दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरील एखाद्या मुलाला ‘हे मला समजले’ असे म्हणण्याचे बळ देऊ शकतो. शिक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्येक मुलाला दिला आहे. तो त्याच्या पदरात प्रत्यक्ष पडतो तो अशा पस्तीस मिनिटांच्या तासिकेत. शिक्षकबंधू-भगिनींनी टाचणवहीकडे या दृष्टीने पाहिले, तर तिचे प्रत्येक पान सत्कारणी लागेल.